संध्याकाळची भेट

३० मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये पासच्या सक्तीविरुद्ध काळ्या लोकांचा मोर्चा निघाला. त्याच्या छायाचित्रांत एक तरुण पुन्हापुन्हा दिसतो. किडकिडीत, हाफ पँट घातलेला, आणि त्याच्या भोवती नजर पोचेल तिथवर माणसांची डोकी. तीस हजार लोक होते असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं; कुणी कमी सांगतं, कुणी जास्त. त्यांच्यापुढे उभा असलेला फिलिप क्गोसाना तेव्हा २३ वर्षांचा होता. केपटाऊन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होता आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस (पीएसी) या जेमतेम वर्षभराच्या पक्षाचा पश्चिम केपमधला सचिव होता. (आडनावातलं ते ‘क्ग’ घशातून खरवडत काढावं लागतं. मराठीत ‘खोसाना’ म्हटलं की जवळपास पोचतो, म्हणून पुढे तसंच लिहितो.)

त्या दिवशी त्याने एका पोलीस अधिकाऱ्याच्या शब्दावर ही तीस हजार माणसं घरी पाठवली. संध्याकाळी न्यायमंत्र्यांची भेट मिळेल, असा तो शब्द होता. संध्याकाळी खोसाना भेटीसाठी गेला आणि त्याला अटक झाली.

या प्रसंगावर गेली साठ-पासष्ट वर्षं दोनच निकाल दिले जातात. एक असा, की पोराने हातातला डाव घालवला. संसद हाकेच्या अंतरावर, शहराचं कामकाज ठप्प, सरकार गांगरलेलं, आणि हा म्हणाला घरी चला. दुसरा असा, की त्याने मोठ्या मनाने रक्तपात टाळला. नऊ दिवसांपूर्वी याच मोहिमेत शार्पव्हिलला ६९ माणसं पोलिसांच्या गोळीबारात मेली होती, इथे आकडा कुठे गेला असता कुणास ठाऊक. मला दोन्ही निकाल अपुरे वाटतात. दोन्हींत पिंजऱ्यात उभा असतो तो एकटा खोसाना. त्या सकाळी पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वातला एकही माणूस त्याच्या हाताशी का नव्हता, हे कुणी विचारत नाही. आणि तो योगायोग नव्हता, पक्षाने ते तसंच आखलं होतं.

आधी ज्या कागदासाठी हे सगळं झालं त्या कागदाबद्दल. दक्षिण आफ्रिकेत १९५२ साली एक कायदा झाला. त्याच्या नावातच ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते. सुटे पास रद्द झाले खरे, पण त्यांच्या जागी फोटो, बोटांचे ठसे, मालकाच्या सह्या, कराच्या नोंदी असं सगळं एकत्र बांधलेलं एक पुस्तक आलं. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाने ते अंगावर बाळगायचं. नसेल तर कोठडी. परवानगीशिवाय शहरात ७२ तासांपेक्षा जास्त राहता येत नसे. लोक त्याला ‘डॉमपास’ म्हणत, म्हणजे मूर्ख पास. पास रद्द करण्याच्या नावाखाली पासचं ओझं दुप्पट करणारे कायदे लिहिणाऱ्याची विनोदबुद्धी काय दर्जाची असेल, असं राहून राहून मनात येतं.

केपटाऊनमध्ये हा फास आणखी आवळलेला होता. पश्चिम केपमध्ये मजुरीसाठी प्राधान्य ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय लोकांना, आफ्रिकन माणूस तिथे तात्पुरता पाहुणा, हे १९५५ नंतर सरकारचं उघड धोरण होतं. पूर्वेकडच्या ट्रान्सकाय-सिस्कायमधून आलेले खोसा भाषा बोलणारे पुरुष लांगा वसाहतीतल्या बराकींत राहायचे. बायका-मुलं गावी. एकट्या पुरुषांची ती वस्ती, आणि पहाटे रांगेत उभं राहून गाडीने शहरात कामाला जायचं. खोसाना याच बराकींत राहत होता. केपटाऊन विद्यापीठ काळ्या विद्यार्थ्याला वर्गात बसू देई, वसतिगृहात नाही. आणि १९५९ च्या कायद्याने तर नव्या काळ्या विद्यार्थ्यांना तिथे प्रवेशासाठीही मंत्र्याची परवानगी लागू केली. प्रिटोरियाच्या उत्तरेकडल्या मकापानस्टाडचा, त्स्वाना बोलणाऱ्या मुलखातला, गरीब घरातला हा मुलगा दिवसा अर्थशास्त्राची व्याख्यानं ऐके आणि रात्री खोसा गोदीकामगारांच्या शेजारी झोपे.

‘पॅन-आफ्रिकी’ हा शब्द आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे घानाची राजधानी अक्रा, तिथले नेते एन्क्रुमा, मोठमोठी संमेलनं येतात. माझ्या मते त्या शब्दाचा १९६० मधला सगळ्यात खरा नमुना लांगाच्या त्या बराकीत होता. दीड हजार किलोमीटरवरून आलेला, दुसऱ्या भाषेचा, पुस्तकं वाचणारा पोरगा, आणि त्याला आपला म्हणणारे खोसा हमाल. पक्षाच्या जाहीरनाम्यात जे लिहिलं होतं ते तिथे एका छपराखाली झोपत होतं.

आता पक्षाकडे वळतो. पीएसीची मुळंच मुळात एका युवा संघटनेत आहेत, हे विसरून चालणार नाही. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची (एएनसी) युथ लीग १९४४ मध्ये निघाली. तिचा पहिला अध्यक्ष अँटन लेंबेडे १९४७ मध्ये, ३३ व्या वर्षी वारला, पण ‘आफ्रिका आफ्रिकनांची’ हा त्याचा विचार मागे राहिला. १९५५ च्या स्वातंत्र्य सनदेत ‘हा देश इथे राहणाऱ्या सगळ्यांचा, काळ्यांचा आणि गोऱ्यांचा’ असं वाक्य आलं तेव्हा युथ लीगमधले आफ्रिकावादी बिथरले. जमीन ज्यांच्याकडून हिसकावली आणि ज्यांनी हिसकावली ते दोघेही एकाच वाक्यात मालक कसे, हा त्यांचा प्रश्न होता. १९५८ च्या अखेरीस ते बाहेर पडले आणि एप्रिल १९५९ मध्ये जोहान्सबर्गच्या ऑर्लँडो वसाहतीत पीएसी स्थापन झाली. अध्यक्ष रॉबर्ट सोबुक्वे ३४ वर्षांचे, विटवॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकी भाषा शिकवणारे. मानववंश एकच आहे, असं त्यांनी स्थापनेच्या भाषणात सांगितलं होतं. त्यांना गोरेद्वेष्टे म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ते भाषण वाचलेलं नसतं.

डिसेंबर १९५८ मध्ये अक्राला अखिल आफ्रिकी जनता परिषद भरली होती. त्या वातावरणातून पीएसीने १९६३ हे साल उचललं: १९६३ पर्यंत स्वातंत्र्य. १९६० मध्ये आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र होणार होते, तेव्हा आपला देश तीन वर्षांत का नाही, असं वाटणं वेडेपणाचं नव्हतं. घाई मात्र होती. एएनसीने पासविरोधी मोहिमेची तारीख ३१ मार्च ठरवली होती. पीएसीने २१ मार्च जाहीर केली. पक्ष अकरा महिन्यांचा. पैसे नाहीत, गाड्या नाहीत, पूर्णवेळ माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

आणि घोषणा काय, तर ‘जामीन नाही, बचाव नाही, दंड नाही’. पास घरी ठेवायचा, जवळच्या पोलीस ठाण्यावर जायचं, म्हणायचं अटक करा. तुरुंग भरले, कारखाने बंद पडले, की सरकार नमेल. यात एक नियम सोबुक्वेंनी ठामपणे घातला होता: नेते पुढे. आधी नेता तुरुंगात जाईल, मग अनुयायी. २१ मार्चच्या सकाळी विद्यापीठातल्या नोकरीचा राजीनामा देऊन ते स्वतः ऑर्लँडोच्या ठाण्यावर चालत गेले. सोबत शे-दोनशे माणसं. पोलिसांना त्यांनी आधीच पत्र लिहून कळवलं होतं की मोहीम शांततेची आहे.

या नियमाबद्दल मला मनापासून आदर आहे. कार्यकर्त्याच्या पोराला लाठ्या खायला पाठवून स्वतःच्या पोराला परदेशी शिकायला पाठवणारे नेते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको. पण आदर वाटतो म्हणून हिशेब सोडता येत नाही. नेते पुढे गेले, म्हणजे मोहिमेच्या पहिल्या दुपारीच पक्षाचं डोकं कोठडीत गेलं. सोबुक्वेंना तीन वर्षांची शिक्षा झाली. ती मे १९६३ मध्ये संपली तेव्हा संसदेने एक खास कलम केलं, शिक्षा संपली तरी माणसाला डांबून ठेवता येईल असं. ते वापरलं गेलं एकट्या सोबुक्वेंवर. आणखी सहा वर्षं रॉबेन बेटावर, इतर कैद्यांपासून वेगळे. १९६९ मध्ये सुटले ते किंबर्लीत नजरकैदेत राहण्यासाठी, आणि १९७८ मध्ये तिथेच कर्करोगाने गेले. ज्याने स्वतः एवढी किंमत मोजली त्याच्यावर बोट ठेवताना हात जड होतो. तरीही दुसऱ्या दिवशी मोहीम कोण चालवणार, या प्रश्नाचं उत्तर पक्षाकडे नव्हतं. जे उत्तर आपोआप उरलं ते म्हणजे बाहेर राहिलेली तरुण पोरं.

बहुतेक शहरांत मोहीम फसली. दोन ठिकाणी पेटली. व्हाल नदीच्या खोऱ्यात, जिथे शार्पव्हिल आहे, आणि केपटाऊनमध्ये. लांगातही २१ मार्चच्या संध्याकाळी लाठीमार आणि गोळीबार झाला, माणसं मेली. पण लांगा घाबरून घरी बसलं नाही. कामावर जायचं नाही एवढं त्या बराकींनी ठरवलं, आणि आठवड्याभरात गोदीपासून दूधवाटपापर्यंत शहराचे हातपायच आखडले. २६ मार्चला सरकारने पासची तपासणी तात्पुरती थांबवली. वर्णभेदाच्या राजवटीने पासबाबत असं एक पाऊल मागे घेतलं, त्याचं श्रेय मुख्यतः शार्पव्हिलच्या प्रेतांना आणि लांगाच्या संपाला आहे. तिसरं नाव घ्यायचं तर त्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचं, कारण संपाची शिस्त त्याने सांभाळली होती. दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. मोहिमेच्या आदल्या दिवशीच्या भाषणातही त्याचा भर अहिंसेवर होता.

३० मार्चच्या पहाटे पोलीस बराकींत घुसले आणि झोपलेल्या माणसांना मारत बाहेर काढू लागले: कामावर चला. माणसं बाहेर आली, पण कामाऐवजी शहराच्या रस्त्याला लागली. कुणी हाक दिली नव्हती. खोसानाला बातमी कळली तेव्हा मोर्चा निघालेला होता. त्याने मागून येऊन तो गाठला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इतिहासात ‘खोसानाने मोर्चा काढला’ असं एका ओळीत येतं. प्रत्यक्षात मोर्चानेच खोसानाला ओढून पुढे नेलं होतं. ज्या मोर्चाची त्याने आखणी केली नव्हती, ज्यात स्वयंसेवक नव्हते, पाण्याची सोय नव्हती, परतीचा बेत नव्हता, त्याची जबाबदारी वाटेत त्याच्या अंगावर आली.

डोंगराच्या कडेने जाणाऱ्या डी वाल ड्राइव्हवरून लोक शहरात उतरले. ओढ संसदेकडे होती. संसदेभोवती सैन्य असल्याचं कळल्यावर खोसानाने मोर्चा कॅलेडन स्क्वेअरच्या पोलीस मुख्यालयाकडे वळवला. वर हेलिकॉप्टर, खाली सरासेन चिलखती गाड्या. मुख्यालयात कर्नल तर्ब्लान्श होते. बळ वापरण्याचा त्यांच्यावर दबाव होता आणि त्यांनी तो मानला नाही, पुढे बढतीत त्याची किंमतही मोजली, असं सांगतात. त्यांनी बोलणी केली. खोसानाच्या मागण्या साध्या होत्या: नेत्यांना सोडा, पोलिसी मारहाण थांबवा, न्यायमंत्री इरॅस्मस यांची भेट द्या. उत्तर आलं: जमाव घरी पाठव, संध्याकाळी भेट होईल. पोलिसांच्याच ध्वनिक्षेपकावरून तो बोलला. तीस हजार माणसं शांत झाली, वळली आणि आली तशी दहा-बारा किलोमीटर चालत परत गेली.

एवढ्या माणसांनी एकाच्या शब्दावर शांतपणे परत फिरणं, हे संघटनेचं किती मोठं काम आहे! पण आपल्याला सवय अशी, की जमाव पुढे गेला तर ते नेतृत्व आणि मागे फिरला तर ती माघार.

त्याच दिवशी आणीबाणी जाहीर झाली. संध्याकाळी भेटीसाठी आलेला खोसाना कोठडीत गेला. लांगा आणि न्यांगा या वसाहतींना पोलीस-सैन्याचा वेढा पडला, घरोघर मारहाण करून संप मोडला, पासची सक्ती परत आली. ८ एप्रिलला पीएसी आणि एएनसी दोन्ही बेकायदा ठरल्या.

इथे एक तुलना करतो. ती मी ओढूनताणून आणलेली नाही. त्याच देशात, तसल्याच कागदावरून, ५२ वर्षं आधी घडलेली गोष्ट आहे. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणीचा दाखला घ्यायची सक्ती झाली होती. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या गांधींना ३० जानेवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या तुरुंगातून प्रिटोरियाला ट्रान्सवाल सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांच्याकडे नेण्यात आलं. तडजोड ठरली: लोकांनी स्वखुशीने नोंदणी करावी, सरकार कायदा रद्द करेल. कायदा रद्द करण्याचा शब्द मिळाला होता असं गांधी शेवटपर्यंत म्हणत राहिले. स्मट्स म्हणत, असा शब्द दिलाच नव्हता. मधल्या काळात स्वतःच्याच लोकांपैकी एका पठाणाने, मीर आलमने, गांधींना रस्त्यात मारहाण करून बेशुद्ध पाडलं, कारण त्याच्या लेखी हा विश्वासघात होता. कायदा रद्द झाला नाही. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत दोन हजारांहून अधिक दाखले जाळले गेले.

गांधींनी सरकारचा शब्द खरा मानला, खोसानानेही मानला. सरकारने दोघांनाही फसवलं. पण गांधींच्या त्या विश्वासाला आपण सत्याग्रहीचं शील म्हणतो आणि शाळेत शिकवतो, आणि खोसानाच्या विश्वासाला पोरकटपणा म्हणतो. फरक कुठे आहे? वयात थोडा; गांधी तेव्हा ३८ वर्षांचे होते. खरा फरक पाठीमागे काय होतं यात आहे. गांधींच्या मागे संघटना होती, १९०३ पासून चालणारं स्वतःचं साप्ताहिक होतं, वर्गणी देणारे व्यापारी होते, खुद्द त्यांना जाब विचारणारी सभा होती. शब्द मोडला गेला तेव्हा ते परत आले आणि कढई पेटवू शकले. खोसानाला दुसरी फेरी खेळायला मिळालीच नाही. त्याच्या मागे तीस हजार माणसं होती, पण पक्ष नव्हता. सत्तेने शब्द मोडला तर काय करायचं याची तयारी सत्याग्रहात आधी करावी लागते, आणि ती एकट्या माणसाच्या हातची नसते.

मी त्याला सरसकट निर्दोष ठरवत नाही. मंत्री येईपर्यंत निम्मी माणसं तिथेच बसवून ठेवता आली असती का? निदान भेटीची वेळ आणि जागा वार्ताहरांसमोर वदवून घेता आली असती का? आरामखुर्चीत बसून मला हे सुचतं. गोऱ्या उदारमतवाद्यांच्या, विशेषतः पॅट्रिक डंकन यांच्या सहवासाने तो मवाळ झाला, असाही आरोप त्याच्यावर झाला. याच डंकनना पीएसीने १९६३ मध्ये आपला पहिला गोरा सदस्य करून घेतलं, तेव्हा त्या आरोपाचं पुढे काय झालं ते आरोप करणाऱ्यांनाच ठाऊक.

इथून पुढे मराठीची एक अडचण येते. २३ व्या वर्षीच्या खोसानाला ‘तो’ म्हणताना अडलं नाही. पुढच्या माणसाला ‘ते’ म्हणायला हवं. हा बदल कुठे करायचा? मी डिसेंबर १९६० वर करतो. नऊ महिने कोठडी झाल्यावर घरच्यांना भेटण्यासाठी त्यांना जामीन मिळाला, आणि ते देश सोडून गेले. ‘जामीन नाही’ या घोषणेचा हा भंग होता, म्हणणारे म्हणोत. नेतृत्व तुरुंगात, पक्ष बेकायदा, खटल्याचा निकाल ठरलेला. अशा वेळी घोषणेशी इमान राखण्यापेक्षा निर्णय घेणं मोठेपणाचं होतं.

परागंदा पीएसीची पुढची हकीकत लिहायला आनंद वाटत नाही. १९६३ मध्ये हंगामी नेते पोटलाको लेबालो यांनी ब्रिटिश अमलाखालच्या बासुटोलँडमध्ये (आताचं लेसोथो), मासेरूत पत्रकार परिषद घेऊन दीड लाखाच्या आसपास लोक उठावाला सज्ज असल्याची बढाई मारली. ब्रिटिश पोलिसांनी पक्षाच्या कचेरीतून कागद उचलले आणि दक्षिण आफ्रिकेत हजारोंची धरपकड झाली. टांझानियातल्या दार एस सलाममध्ये गटबाजी इतकी विकोपाला गेली की १९७९ मध्ये डेव्हिड सिबेको या नेत्याची पक्षातल्याच माणसांनी हत्या केली. अखंड आफ्रिकेचं स्वप्न सांगणाऱ्या पक्षाला स्वतःची कार्यकारिणी अखंड ठेवता आली नाही.

खोसाना या चिखलातून बाजूला झाले. इथिओपियात राहून अर्थशास्त्राची पदवी पुरी केली. नंतर वीसेक वर्षं युनिसेफमध्ये काम केलं, युगांडापासून श्रीलंकेपर्यंत. चरित्रात्मक टिपणांत हा भाग दोन ओळींत उरकतात. क्रांती हुकलेला माणूस नोकरीला लागला, असा त्या ओळींचा सूर असतो. मला तो सूर पटत नाही. मुलांसाठी लस, पाणी, दूध यांचं नियोजन ही त्यांच्या राजकारणाची शोकांतिका कशी म्हणायची? सीमा न मानता आफ्रिकेच्या माणसासाठी काम करायचं, हेच पक्षाने १९५९ मध्ये लिहिलं होतं. ते त्यांनी पक्षाबाहेर जाऊन केलं एवढंच. पक्षात राहिलेल्यांनी त्या वर्षांत नेमकं काय केलं, याच्याशी ते ताडून पाहावं.

१९९० मध्ये बंदी उठली, आणि १९९४ च्या पहिल्या खुल्या निवडणुकीत पीएसीला सव्वा टक्का मतं आणि पाच जागा मिळाल्या. ज्यांच्या मोहिमेने सगळ्या जगाला वर्णभेदाकडे बघायला लावलं, त्यांना सव्वा टक्का. त्यानंतर घसरणच. खोसाना नव्वदच्या दशकात परतले आणि त्श्वाने (प्रिटोरिया) महापालिकेत याच पक्षाचे नगरसेवक झाले. एका शहराचं कामकाज आठवडाभर थांबवलेला माणूस दुसऱ्या शहराच्या महापालिकेत गटारं आणि पाणीपट्टीवर बोलत बसला. काहींना यात उतार दिसेल. मला त्यात एक प्रकारचा हट्ट दिसतो, पक्षाने आपल्याला दिलं त्यापेक्षा जास्त पक्षाला देण्याचा.

आजच्या युवा नेत्यांकडे पाहिलं की वाटतं, त्यांनी १९६० चा एकच धडा घेतला आहे. ज्युलियस मालेमा २७ व्या वर्षी, २००८ मध्ये, एएनसी युथ लीगचे अध्यक्ष झाले. २०१२ मध्ये पक्षाने काढलं, २०१३ मध्ये त्यांनी इकॉनॉमिक फ्रीडम फायटर्स हा स्वतःचा पक्ष काढला. जमिनीचा प्रश्न, अखंड आफ्रिकेची भाषा, शेजारच्या देशांतून येणाऱ्या स्थलांतरितांची पाठराखण, हे सगळं पीएसीच्या वळणाचं आहे. शेजारच्या आफ्रिकन माणसाला ‘परका’ म्हणून मारहाण होते त्या देशात हे बोलायला धैर्य लागतं, ते मी मान्य करतो. २०१४ मध्ये त्यांना सहा टक्क्यांच्या वर मतं मिळाली, २०१९ मध्ये जवळपास अकरा, २०२४ मध्ये साडेनऊच्या आसपास. ज्येष्ठांच्या भरवशावर राहायचं नाही, संघटनेची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हे मालेमांना नीट कळलं आहे. पण किल्ली एकाच खिशात राहिली की पक्षात दुसरा माणूस वाढत नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी फ्लॉइड शिवांबू पक्ष सोडून गेले. पीएसीत डोकं एका दुपारी तुरुंगात गेलं म्हणून पोरं उघड्यावर पडली. इथे डोकं हलतच नाही म्हणून ती सावलीत खुरटतात. सेनेगलमध्ये पास्तेफ या तरुणांच्या पक्षाने २०२४ मध्ये वेगळी वाट काढली. पक्षाचे नेते उस्मान सोंको निवडणुकीबाहेर फेकले गेले तर ४३ वर्षांचे बासिरू दियोमाय फाय उमेदवार म्हणून तयार होते, तुरुंगातून सुटून दहा दिवसांत ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. दुसरा माणूस तयार होता. खोसानाच्या वेळी लांगात नेमकं तेच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं: तरुणाला पुढे करणारा पक्ष त्याच्या मागे काय उभं करतो, यावरून त्या पक्षाचं मोल ठरवावं. सल्ल्याला माणूस, निरोपाला यंत्रणा, चूक झाली तर ती वाटून घेणारी समिती. आपल्याकडच्या चौकाचौकांत ‘युवा नेतृत्व’ लिहिलेले फ्लेक्स लागतात, त्यावरच्या पोरावर उद्या पहिला गुन्हा दाखल झाला तर वरच्या कोपऱ्यातल्या गोल चौकटींमधले साहेब फोन उचलतील का, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. सोबुक्वे निदान स्वतः कोठडीत होते, म्हणून फोन उचलू शकत नव्हते.

खोसाना एप्रिल २०१७ मध्ये वारले. त्याच वर्षी डी वाल ड्राइव्हला फिलिप क्गोसाना ड्राइव्ह हे नाव मिळालं. तेव्हा महापौर होत्या पॅट्रिशिया डी लील, ज्या एकेकाळी पीएसीच्याच खासदार होत्या आणि २००३ मध्ये पक्ष सोडून बाहेर पडल्या होत्या. २१ मार्चला आता तिथे मानवी हक्क दिनाची सुट्टी असते; पीएसीवाले दरवर्षी तक्रार करतात की त्याला शार्पव्हिल दिन म्हणा, आमचं नाव का पुसता. तक्रार रास्त आहे. २०२४ मध्ये चतुर्थांश टक्क्याहूनही कमी मतांवर, एका जागेच्या बळावर, पीएसीचे म्झ्वानेले न्योंत्सो आघाडी सरकारात मंत्री झाले, खातं जमीनसुधारणेचं. ‘इझ्वे लेथू’, आमची भूमी, अशी घोषणा देत १९६० मध्ये लांगातून जी माणसं निघाली होती, त्यांच्या मागणीची फाइल आता त्यांच्याच पक्षाच्या टेबलावर आहे. भेट मिळाली म्हणायची, चौसष्ट वर्षं उशिरा.

लांगाचे कामगार अजूनही पहाटे शहराकडे निघतात. नाव बदललेल्या त्या रस्त्यावर डोंगराच्या बाजूला पाटी आहे, आणि गाड्या वेगाने जातात.